नव्या तलंगांना जुन्या कोंबड्या का टोचतात?

प्रश्न : परसात १२ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. बाजारातून ४ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणून त्यांच्यात सोडल्या. जुन्या कोंबड्या त्यांना खाद्याजवळ फिरकू देत नाहीत. एकीच्या तुऱ्यातून रक्त येतंय. टोचणाऱ्या कोंबडीची चोच कापावी का? — एक वाचक, संगमनेर

उत्तर : चोच कापू नका. हा मानाचा तंटा आहे. कळपात कोणी कोणाला टोचायचं हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकात ते नीट नोंदवून दाखवलं. नवीन पक्ष्याची जागा ठरेपर्यंत मारामारी चालायचीच. यात मार डोक्यावर नि तुऱ्यावर बसतो आणि समोरची बाजूला सरली की बहुधा थांबतो. शेपटीजवळची पिसं उपटली जात असतील तर प्रकरण वेगळं : दाटी, प्रखर उजेड, खाद्यात प्रथिनं किंवा मीठ कमी.

रक्ताळलेली तलंग आधी उचला. लाल दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात. जखम धुऊन जांभळं औषध लावा. तिला दूर मात्र नेऊ नका, त्याच खुराड्यात जाळीआड ठेवा. दोनेक आठवडे नजरेआड राहिली तर परतल्यावर ती परकीच. उरलेल्या तिघींनाही आठवडाभर तिच्यासोबत ठेवा आणि जखम सुकल्यावर चौघींना एकदम, संध्याकाळी सोडा. एकटीला सोडलं तर सगळा मार तिच्याच वाट्याला येतो.

त्यानंतरही एकच कोंबडी छळत असेल तर तिलाच ३-४ दिवस लांब कोंडा. परत आल्यावर तिचा तोरा बराच उतरलेला असतो. कोंबड्याची काळजी नको, त्याचा मान वेगळा. उलट पुष्कळदा तोच मध्ये पडतो.

खाद्याची आणि पाण्याची प्रत्येकी दोन भांडी लांब-लांब मांडा, नाहीतर एकच दांडगी कोंबडी दोन्हींवर पहारा करते. खाताना प्रत्येकीला भांड्याची १० सेंमी कड मिळावी. बसायच्या दांड्या एकाच उंचीवर हव्यात. वरच्या दांडीवरून रोज रात्री भांडणं होतात. पक्ष्यामागे २० सेंमी धरा, म्हणजे १७ पक्ष्यांना साधारण साडेतीन मीटर.

एक राहिलंच. बाजारचे पक्षी आधी ३ आठवडे पूर्ण वेगळे ठेवायचे असतात, राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाच्या भीतीने. आता एकत्र आल्याच आहेत, तर जुन्यांवरही लक्ष ठेवा. हिरवट पातळ विष्ठा किंवा वाकडी मान दिसली तर लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.