टीव्हीवरच्या नटाने गायक म्हणून काढलेला पहिला अल्बम ऐकण्याच्या लायकीचा असतो का?

मालिकेतला आवडता नट अचानक गायक होऊन अल्बम काढतो, तेव्हा तो मनापासून ऐकावा की गाजलेल्या चेहऱ्यावर मांडलेलं दुकान समजून सोडून द्यावा, असं तुम्ही विचारलंय. दुकान तर असतंच हो! पण नटाला आपला गळा किती आहे याचा अंदाज असेल, तर त्या दुकानातही चांगला माल मिळतो.

हा उद्योग जुना आहे. रिकी नेल्सन आईवडिलांबरोबर ज्या अमेरिकन मालिकेत काम करायचा, तिच्यातच 1957 साली गाऊ लागला आणि दर आठवड्याला घराघरात फुकटची जाहिरात झाली. पुढे ‘नेबर्स’ या ऑस्ट्रेलियन मालिकेतली काइली मिनोग लंडनला रेकॉर्डिंगसाठी आली, तर निर्माते ती येणार हेच विसरले होते. ती बाहेर ताटकळत असताना त्यांनी चाळीसेक मिनिटांत ‘आय शुड बी सो लकी’ खरडलं, असा किस्सा सांगितला जातो. ते गाणं 1988 साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. घाईत केलेलं काम वाईटच असतं असं नाही, एवढं त्यावरून समजायला हरकत नाही.

उलट उदाहरण ‘मायामी व्हाइस’ या अमेरिकन मालिकेतल्या डॉन जॉन्सनचं. 1986 च्या ‘हार्टबीट’ अल्बमवर गिटार वाजवायला स्टीव्ही रे व्हॉन, रॉनी वुड असे नावाजलेले गिटारवादक होते. शीर्षकगीत अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलंही. आज ऐकताना मात्र मला त्यात ऐंशीच्या दशकातली चकचकीत यंत्रंच जास्त ऐकू येतात. म्हणजे साथीला मोठी नावं जमवली की काम झालं, असंही नाही.

मला विचाराल तर या सगळ्यात ऐकावाच असा एक अल्बम आहे: ह्यू लॉरीचा ‘लेट देम टॉक’. साल 2011, ‘हाउस’ ही त्याची डॉक्टरची मालिका अजून चालू होती. ऑक्सफर्डमध्ये जन्मलेला हा इंग्रज न्यू ऑर्लीन्स या अमेरिकन शहराचे ब्लूज, म्हणजे मुळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, गायला निघाला, म्हणजे टोमणे ठरलेलेच. त्याने ते आधीच स्वतःवर ओढवून घेतले. आपण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामात जन्मलो नाही, दुसऱ्यांच्या संगीतात बिनदिक्कत घुसखोरी करतोय, असं त्याने अल्बमसोबतच्या टिपणात लिहून टाकलं. निर्माता जो हेन्री, ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांच्या रचना ॲलन टुसां यांच्या, पाहुणे गायक डॉक्टर जॉन, आयर्मा थॉमस आणि टॉम जोन्स. टुसां, डॉक्टर जॉन आणि आयर्मा थॉमस तर त्याच शहराची माणसं.

पहिलंच गाणं ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ लावून बघा. बराच वेळ नुसता पियानो चालतो आणि गळा उशिरा येतो. ज्याला फक्त चेहरा विकायचाय तो इतका वेळ गप्प बसत नाही. लॉरीचा आवाज बारीक आहे, थोडा नाकातला, उच्चारही कमावलेले. ‘जॉन हेन्री’मध्ये आयर्मा थॉमस गायला लागते तेव्हा खरा गळा कोणाचा हे लपत नाही, आणि त्याला ते लपवायचंही नाही. पियानोवर मात्र त्याचा हात बसलेला आहे. ‘स्वानी रिव्हर’ हे 1851 चं गाणं तो असं उडवतो की मान आपोआप हलायला लागते. हा हात मालिकेच्या नावावर उसना आणलेला नाही. त्याच्या विनोदी कार्यक्रमांतही तो पियानोवर बसायचाच.

अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्यात ‘हाउस’चा वाटा मोठा होता, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. पण 2013 मध्ये त्याने ‘डिड्न्ट इट रेन’ हा दुसरा अल्बम काढला तेव्हा मालिका संपून वर्ष होत आलं होतं, म्हणजे गाणं फक्त मालिकेच्या जिवावर नव्हतं.

तेव्हा तुमच्या मनात जो कोणी नट असेल, त्याच्या अल्बममधलं सगळ्यात संथ, कमी वाद्यांचं गाणं आधी ऐका. नाचायची गाणी मुद्दाम नंतर ठेवा, त्यांत यंत्रं बरंच झाकतात. त्या संथ गाण्यात मालिकेतलं पात्र डोळ्यांसमोरून हललं नाही, तर उरलेली गाणी ऐकायची घाई करू नका.