दोन फुटी टँकमध्ये गोल्डफिश, एंजल, निऑन, टायगर बार्ब आणि सकर एकत्र राहतील का?

प्रश्न असा आहे: "सोलापुरात राहतो. २ × १ × सव्वा फुटाचा टँक घेतलाय. २ गोल्डफिश, २ एंजल, १० निऑन टेट्रा, ४ टायगर बार्ब आणि काच साफ ठेवायला १ सकर टाकायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो सगळे शांत मासे आहेत, जमेल. जमेल का?"

नाही जमणार. दोन फुटांत तर नाहीच, आणि टँक चार फुटी केलात तरी यातले निऑन टिकायचे नाहीत.

'सगळे शांत आहेत' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एंजल निऑनशी भांडत नाही, मान्य. पण मांजर तरी उंदराशी कुठं भांडतं? स्वभावाआधी तोंडाचं माप बघायचं असतं. निऑन पूर्ण वाढला तरी ३ ते ४ सेंटीमीटर, अंगाने काडीपेटीतल्या काडीहून जरा जाड. एंजल दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो. वर्षभरात त्याचा तळहात होतो, आणि पंखांसकट उंची २० सेंटीमीटरपर्यंत जाते.

आमच्या दाजींच्या टँकमध्ये हेच झालं. टँक तीन फुटी, २० निऑन, ४ एंजल, एक सकर, सगळे एकाच दिवशी आणलेले. पाच महिने गुण्यागोविंदाने गेले. मग एकदा मोजले तर १७ निऑन. पुढच्या आठवड्यात १४. मेलेला मासा मात्र एकही नाही. खडीवर नाही, फिल्टरच्या स्पंजात नाही, टँकमागे फरशीवरही नाही. दाजींनी सकरवर आळ घेतला, "रात्री फिरतो तो, तोच खातो." सकरचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असतं, काचेवरचं शेवाळ खरवडायला बनलेलं. मेलेला मासा तो चघळेल, पण पोहणारा निऑन पकडणं त्याच्या बसची बात नाही. तरी वाद नको म्हणून सकर आठ दिवस वेगळ्या बादलीत ठेवला, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून. त्या आठ दिवसांत आणखी दोन निऑन गेले. दाजी म्हणाले, थंडीने गेले.

निऑन रात्री रंग सोडतो. निळा पट्टा फिका पडतो, आणि मासे झाडांच्या बुडाशी जवळजवळ न हलता थांबतात. पहाटे खिडकीतून जरासा उजेड आला की एंजल जागा होऊन फिरायला लागतो, निऑन अजून सुस्त असतात. शिकार याच वेळात होते. नवव्या दिवशी साडेपाचला टँकसमोर बसलो, तर सगळ्यात मोठ्या एंजलच्या तोंडातून निऑनची शेपटी बाहेर होती. लाल भाग ओठापर्यंत दिसत होता आणि एंजल दर काही सेकंदांनी तोंड हलवून तो आत घेत होता. दाजींना उठवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मेलेला खाल्ला असेल."

असो. तुमची यादी.

टायगर बार्ब चारच घेतले तर हमखास गुंड होतात. ८-१० च्या थव्यात ते आपापसात खोड्या काढतात. कमी असले की दुसऱ्यांच्या लांब पंखांना लागतात. एंजलच्या पोटाखालच्या दोन लांब दोऱ्या आधी कुरतडल्या जातात. मग जखमेवर कापसासारखी बुरशी येते आणि लोक औषधांवर पैसे घालतात. औषध देऊन उपयोग नाही, बार्ब काढा.

गोल्डफिश या टँकमध्ये नकोच. त्याला १८ ते २२ अंश आवडतात, एंजलला २४ ते २८. शिवाय गोल्डफिशला जठर नसतं, दिवसभर खातो आणि दिवसभर घाण करतो. या घाणीतून अमोनिया होतो आणि इथे आपलं पाणी आडवं येतं. एकूण अमोनियातला विषारी भाग २५ अंशांना पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ७ असताना सुमारे अर्धा टक्का असतो; पीएच ८ झाला की तोच सुमारे ५ टक्के. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. गीझरची कॉइल आणि नळाची तोटी बघा, पांढरा थर दिसेल. अशा पाण्याचा पीएच सातच्या वरच सापडतो. म्हणून मऊ पाणी असलेल्या गावात जी गर्दी खपून जाते ती इथे मासे मारते.

सकर दुकानात बोटाएवढा असतो, होतो ४० सेंटीमीटरच्या आसपास. 'मासा टाकीच्या मापानेच वाढतो' हे दाजींचं दुसरं लाडकं वाक्य. तो टाकीच्या मापाने वाढत नाही, घाण पाण्यात खुरटतो, पाठ वाकते, आणि वयाआधीच मरतो. सकर काच साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. वर मोठा झाला की रात्री गोल्डफिश-एंजलसारख्या संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटतो. नको झाला म्हणून सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात सोडू नका. देशात कितीतरी पाणवठ्यांत हा परदेशी मासा असाच पसरलाय आणि त्याचे काटे मच्छीमारांची जाळी फाडतात. काचेला १५ रुपयांचा स्पंज पुरतो.

मग घ्यायचं काय? आधी पाणी मोजा. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. तुमचा टँक अडीच घनफूट, ७० लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता हातात ६० लिटर. एवढ्यात ६ प्लॅटी (२ नर, ४ माद्या), तळाला ६ ब्राँझ कोरी आणि मध्ये हनी गौरामीची एक जोडी, बस्स. प्लॅटीला जड पाणी मानवतं. पिल्लं नको असतील तर प्लॅटीऐवजी ८ गप्पी, पण सगळे नर. एक मादी दर महिन्याला २०-३० पिल्लं देते आणि सहा महिन्यांत टँकचं एसटी स्टँड होतं. कोरीसाठी खडी नको, बारीक गोल रेती हवी. टोकदार खडीत त्यांच्या मिशा झिजतात.

एंजलच हवेत तर तीन फूट लांब, निदान १८ इंच उंच टँक घ्या आणि सोबत मोती गौरामी किंवा अंगाने उभट विडो टेट्रा ८ ठेवा. विडोही कधीकधी पंख कुरतडतात, ते आताच सांगून ठेवतो.

मे महिन्याचं वेगळं. कूलर नसलेल्या खोलीत पाणी ३२-३३ अंशांना सहज जातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला जेमतेम ७.३, आणि गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की खाऊ थांबवा, एअर पंप वाढवा, झाकण काढा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळे २ ते ४ अंश उतरतात. पाणी भराभर आटतं, आणि बोअरचं पाणी ओतून भर घातली की क्षार साठत जातात, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची. आटलेल्याची भर आरओच्या शुद्ध पाण्याने घाला. आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही नको.

दर आठवड्याला १२ ते १५ लिटर, म्हणजे एक बादली पाणी बदला. नळ रोज येत नाही, म्हणून हौदात साठलेलं पाणी वापरतो तेच बरं, बराचसा क्लोरीन उडून जातो. ज्या दिवशी नळ आला त्याच दिवशी थेट ओतू नका. टँकर किंवा बोअर मिसळत असाल तर १५०-२०० रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या; एकदम फरक पडला की मासे पंख मिटून कोपऱ्यात बसतात.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: टँक नवा असेल तर आज मासे आणू नका. फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. घाई असेलच तर ओळखीतल्या कुणाच्या चालू फिल्टरमधला मळका स्पंज मागून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, तो धुऊ नका. त्यावर आधी प्लॅटी, दोन आठवड्यांनी कोरी, गौरामी सगळ्यात शेवटी.

लहानपणापासून एकत्र वाढलेले एंजल आणि निऑन वर्षानुवर्षं राहिल्याची उदाहरणं आहेत, नाही असं नाही. दाजी हे वाचून नेमकी हीच ओळ पाठवतील. पण सकर आठ दिवस बादलीत होता, दाजी.