‘घोडी बिथरली तर?’

“मॅडम, घोडी बिथरली तर?”

पहिल्या भेटीच्या तासाभरात हे वाक्य ते सहा-सात वेळा बोलले. दर वेळी शेपूट वेगळं. बिथरली आणि कुणाला लाथ बसली तर. बिथरली आणि दोर हातातून सुटला तर. आणि एकदा, अगदी हळू आवाजात, बिथरली आणि सगळे हसले तर.

निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, वय ३८. फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं. रात्री दोनला जाग यायची, छातीत धडधड, मग पहाटेपर्यंत डोळे उघडेच. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मी त्यांना दादा म्हणायचे, इथेही तेच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.

मार्गशीर्षात दादा सारंगखेड्याला गेले होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. तिथून त्यांनी दोनदाती, म्हणजे दुधाचे दोन दात पडून पक्के आलेली, मारवाडी घोडी आणली. रंग कुमैत म्हणजे लालसर तपकिरी, उंची ६२ इंच, गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, आणि कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. लगेच पुढच्या वाक्याला विझायचा, कारण चैत्रात जवळच्याच एका गावच्या यात्रेत घोड्यांचं प्रदर्शन होतं. घोडी घेतल्याच्या आनंदात त्यांनी तिथे दोनदाती गटात नाव देऊन टाकलं होतं. आता पाच आठवडे उरले होते आणि झोप उडाली होती.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेशात सारखा येतो. मुलीचं अरंगेत्रम म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, मुलाचं गॅदरिंगमधलं पहिलं भाषण, नव्या नोकरीतलं पहिलं प्रेझेंटेशन. घरचे बिचारे धीर द्यायला म्हणतात, “काही होत नाही हो!” मला हे वाक्य मुळीच आवडत नाही. काहीतरी होऊ शकतं. अडीच-तीन वर्षांचं जनावर, अनोळखी जागा, ताशांचा कडकडाट. भीती खोटी आहे असं सांगितलं की घाबरलेला माणूस आणखी एकटा पडतो.

मी विचारलं, “घरी बिथरते का?”

“घरी? घरी माझ्या पोराच्या हातून गूळ खाते.”

“मग तिला बिथरलेलं तुम्ही कधी बघितलंय?”

बराच वेळ ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले. मग म्हणाले, “बिथरलेलं जनावर बघितलंय. घोडी नाही. बैल.”

दादा तेव्हा नऊ वर्षांचे. पोळ्याचा दिवस. वडिलांनी नवा खोंड घेतलेला. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा. पोराच्या हातात कासऱ्याचं टोक दिलेलं, नुसतं कौतुकापुरतं. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं आणि मानाची जोडी अजून यायची होती. डफ वाजला. खोंडानं हिसका दिला, कासरा दादांच्या तळहातातून सरकत गेला आणि मानाच्या जोडीआधीच खोंड तोरण तोडून गावात घुसला. कुणाला लागलं नाही. पण वेशीवर शिवीगाळ झाली, मानकऱ्यांची माफी मागावी लागली आणि घराला एक नाव चिकटलं. तोरणतोडे. त्यानंतर वडिलांनी वेशीवर जोडी कधीच नेली नाही. पोळा अंगणातच.

दादांनी तळहात उघडून माझ्यापुढे धरला. तिथे आता काहीच नव्हतं. तरी ते अंगठ्याने एक रेघ चोळत होते, करंगळीखालून मनगटापर्यंत.

त्या दिवशी मला एवढं दिसलं की यात्रेला पहिल्यांदा घोडी जाणार होती, पण वेशीवर पुन्हा जाणार होता तो नऊ वर्षांचा मुलगा.

पुढच्या भेटीत आम्ही काळजीची वाटणी केली. घोडीची कामं कोणती, दादांची कोणती आणि लोकांची कोणती. लोक हसतील हे लोकांच्या वाट्याला टाकताना त्यांचा हात अडला. “ते माझ्याकडेच राहू द्या,” म्हणाले. मी राहू दिलं. घाई करून काढून घेतलेली काळजी माणूस घरी जाऊन परत उचलतो.

घोड्यातलं मला काही कळत नाही, त्यामुळे घोडीच्या वाट्यासाठी त्यांनी एक जुनेजाणते मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, आणि पशुवैद्य गाठले. माझं काम पायऱ्या बांधायचं. भीती एकदम अंगावर घ्यायची नाही आणि तिला टाळायचंही नाही, हे आमच्या शास्त्रातलं नेहमीचं सूत्र आहे. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, पण मेंदू एवढंच शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. लहान मात्रेत भीतीपाशी थांबून राहिलं, की ती काही वेळाने आपोआप उतरते. हे सांगून पटत नाही, अंगावर अनुभवावं लागतं. गंमत अशी की मोतद्दारबाबांनी घोडीसाठी सांगितलं तेही जवळपास हेच होतं.

मग सुरू झालं. पहिले तीन दिवस पिकअप नुसती अंगणात उभी. फळी टाकलेली, आत गवत. घोडीनं हुंगायचं, चढायचं, खाऊन उतरायचं. इंजिन बंद. नंतर इंजिन चालू, गाडी जागेवर. मग दोन किलोमीटरवरच्या मेहुण्यांच्या मळ्यापर्यंत फेरी. पुतण्यांनी डफ आणला आणि पन्नास पावलांवरून वाजवला, इकडे घोडी चंदी खात होती. दोन दिवसांनी चाळीस पावलं. ती खायची थांबली की मागे सरकायचं. दर पायरीला दादांनी स्वतःच्या भीतीला शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा आणि वहीत लिहायचा. पहिल्या दिवशी गाडीची फळी टाकतानाच आकडा ७० होता. घोडी त्या वेळी शांतपणे गवत खात होती. वहीत तो आकडा बघून ते स्वतःच म्हणाले, “म्हणजे बिथरलोय मी.”

त्यावर मी त्यांना स्वीडनमधला एक प्रयोग सांगितला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. माणसांनी घोड्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचं, अशा चार फेऱ्या. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं की घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

दादा ऐकत राहिले आणि लगेच कामाचा प्रश्न विचारला, “मग माझे ठोके कमी कसे करू?”

श्वास. मनात चार आकडे म्हणेपर्यंत आत, सहा म्हणेपर्यंत बाहेर. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाची गती थोडी उतरते. हे ऐन वेळी जमत नाही, रोजची सवय लागते, म्हणून त्यांनी ते खराऱ्याला, घोडीचं अंग घासण्याला, जोडलं. सकाळी खरारा करताना हात पाठीवरून जाईल तसा श्वास सोडायचा. दुसऱ्या आठवड्यात सांगत आले की आपण लांब श्वास सोडला की घोडी मान खाली टाकते, ओठ चाटते. त्यांच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोठं प्रमाण होतं.

मधेच एक ओळखीचा सल्ला आला. यात्रेच्या सकाळी घोडीला शांत राहायचं इंजेक्शन दे, सगळेच देतात. त्याच आठवड्यात दादांनी मला विचारलं की आदल्या रात्री झोपेची गोळी घेऊ का. दोन्ही प्रश्न एकाच जागेतून आलेले. पशुवैद्यांनी घोडीपुरतं साफ नाही म्हटलं. गुंगीतल्या जनावराचा हलत्या गाडीत तोल जातो, आणि प्रदर्शनात औषध देऊन उभं करणं ही फसवणूक. गोळीबद्दल मी त्यांना डॉक्टरांना विचारायला सांगितलं. हे मी प्रत्येकालाच सांगते. भीतीने रोजची कामं बंद पडत असतील, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायला अजिबात लाजू नये, औषधांची मदत होते. पण शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नये. दादांची झोप तोवर पाच तासांवर आली होती. डॉक्टर म्हणाले, गरज नाही.

खरा वाद झाला तो रिंगणात कधी उतरायचं यावरून. प्रदर्शन दोन दिवसांचं होतं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी रिंगणात उतरायचंच नाही. मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि परत यायचं.

“लोक म्हणतील घाबरला.”

“म्हणू देत. त्या दिवशी घोडीनं काय केलं म्हणजे दिवस चांगला गेला, असं तुम्ही म्हणाल?”

त्यांनी खूप विचार केला. घोडी परक्या जागी पाणी तोंडाला लावत नाही, हे त्यांना मोतद्दारबाबांनी सांगितलं होतं. म्हणून घरीच आठवडाभर पाण्यात गुळाचा खडा टाकून सवय केलेली, म्हणजे बाहेरचं पाणीही ओळखीच्या चवीचं लागेल. “पाणी प्यायली,” ते म्हणाले, “तर चांगला गेला.”

मी त्यांच्याच वहीत ते त्यांच्याकडून लिहून घेतलं. नंबर नाही, टाळ्या नाहीत. पाणी.

यात्रेच्या दिवशी ते गर्दी व्हायच्या आत, सकाळी सातला पोचले. सोबत शेजारच्या मळ्यातलं एक म्हातारं तट्टू, कारण घोडा कळपातलं जनावर, ओळखीचं कुणी शेजारी असलं की त्याला धीर येतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा दाखला खिशात. बाकी सगळं त्यांनी मला संध्याकाळी फोनवर सांगितलं.

साडेनऊला ताशा सुरू झाला आणि घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

जे होऊ नये म्हणून पाच आठवडे झोप गेली, ते झालंच. दोर हाताला घासला. त्यांनी सांगितलं की एका क्षणासाठी ते नऊ वर्षांचे झाले. हात घट्ट आवळायला निघाला. मग खराऱ्याची आठवण झाली, श्वास सोडला, दोर थोडा ढिला दिला. घोडी खाली आली. तिला तट्टूच्या बाजूने लहान लहान गोल फिरवली, एक, दोन, पाच. कडेच्या दोघा-तिघांना हसू आलं. एक म्हातारा ओरडलाच, “तोरणतोड्याची घोडी रे!”

“कान तापले मॅडम. आकडा नव्वद. दहा मिनिटांनी बघितलं तर चाळीस.” जरा थांबून म्हणाले, “तो म्हातारा तिथंच होता. मी पण तिथंच होतो.”

अकराच्या सुमारास दुसऱ्या गाडीने वडील आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, वय ७४, गुडघे दुखतात. कुणाशी काही न बोलता त्यांनी बादली घेतली, टँकरवरून भरून आणली, बंडीच्या खिशातून गूळ काढून टाकला आणि घोडीच्या तोंडापुढे धरून उभे राहिले. तिनं नाक आत घातलं, फुरफुरली, बाहेर काढलं. पुन्हा घातलं. प्यायली.

दुसऱ्या दिवशी दादांनी तिला रिंगणात उतरवलं. अर्धी फेरी बरी झाली, मग ती मंडपाच्या फडफडणाऱ्या कापडापाशी थबकली आणि पुढे जाईना. परीक्षकांनी उंची मोजली, दात बघितले, चाल काही दिसली नाही. नंबर आला नाही. बाहेर येताना दादांना वाटलं, आता वडील काय म्हणतात.

वडिलांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाले, “तोरण तर नाही ना तोडलं. चल, पाणी दाखव तिला.”