रॉबर फ्लाय या शिकारी माशीची नवी जात जाहीर करताना मिशीतल्या केसांपासून जननेंद्रियांपर्यंत इतकं बारीक वर्णन का करतात? त्यातलं नेमकं काय पाहून ती 'नवी' ठरते?

खरं सांगायचं तर त्या वर्णनातला बराचसा मजकूर 'ही रॉबर फ्लाय आहे आणि अमुक गटातली आहे' एवढंच सांगत असतो. ती नवी आहे हे बहुतेक वेळा ठरतं पोटाच्या अगदी शेवटच्या टोकाला, आणि तेही नराच्या. मी माश्यांचे वाळवलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याचं काम करते, त्यामुळे अशी वर्णनं सतत वाचावी लागतात. 'केससुद्धा का मोजतात' असं तुम्ही जरा वैतागून विचारलंय, पण त्या मोजणीला कारण आहे.

रॉबर फ्लाय म्हणजे असिलिडी कुळातली माशी. या कुळातल्या साडेसात हजारांच्या आसपास जातींना आजवर नावं मिळाली आहेत. काही जेमतेम ३ मिलिमीटर लांब, तर काही ५ सेंटिमीटरच्याही पुढे. धंदा मात्र सगळ्यांचा एकच: किडा पकडायचा, सोंड खुपसायची, त्याचं आतलं मांस विरघळवायचं आणि शोषून घ्यायचं. नर आणि मादी दोघंही शिकार करतात. धंदा एक म्हटल्यावर अवजारंही सारखीच.

डोक्यापासून पाहू. दोन संयुक्त डोळ्यांमधला माथा चांगलाच खोल गेलेला असतो आणि त्या खळग्यातल्या उंचवट्यावर तीन साधे डोळे असतात. हातात आलेली माशी या कुळातली आहे का, हे मी आधी इथेच पाहते. चेहऱ्यावर राठ केसांचा झुपका असतो, त्याला मिस्टॅक्स म्हणतात. हीच ती 'मिशी'. तडफडणाऱ्या शिकारीच्या पायांपासून स्वतःचा चेहरा वाचवायला ती उपयोगी पडत असावी, असं मानलं जातं. खाली आखूड, टणक सोंड. चावायला जबडे नाहीतच. सोंडेच्या आत हायपोफॅरिंक्स नावाची सुई असते, ती शिकारीच्या अंगात घुसते आणि तिच्यातून लाळ आत जाते. या लाळेत मज्जासंस्था बधिर करणारी विषंही असतात आणि प्रथिनं पचवणारी विकरंही. २०१८ मध्ये युरोपातल्या दोन जातींचं विष तपासलं गेलं, तेव्हा त्यात आधी माहीत नसलेले पेप्टाइड (प्रथिनांसारखे छोटे रेणू) सापडले. त्यांना असिलिडिन हे नाव मिळालं.

डोळ्यांची गोष्ट तर आणखी भारी. होल्कोसेफाला फुस्का ही जेमतेम ६ मिलिमीटरची उत्तर अमेरिकन जात. तिच्या डोळ्यांच्या समोरच्या भागातली काही भिंगं ७८ मायक्रोमीटर रुंद असतात, म्हणजे एवढ्याशा माशीच्या मानाने अवाढव्य. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती ०.२८ अंश इतकं बारीक पाहू शकते आणि भक्ष्य साधारण ३० सेंटिमीटरवर आलं की झेपेचा मार्ग बदलून त्याला गाठते. वाचायला हे मस्त आहे. नवी जात ठरवताना मात्र याचा उपयोग जवळपास शून्य, कारण वाळलेल्या नमुन्याला उडवून पाहता येत नाही.

तिथे उपयोगी पडतात ते याच अवयवांमधले कंटाळवाणे फरक. मिशी संपूर्ण चेहराभर आहे की फक्त तोंडाच्या कडेला? केस काळे, पांढरे की मिश्र? शृंगिकेच्या (अँटेनाच्या) टोकाला बारीक लांब काडी आहे, की काडी नाहीच? तोंडाजवळची स्पर्शिका (पाल्प) एका खंडाची की दोन? पुढच्या पायाच्या नडगीला टोकाशी वाकडा काटा आहे का? पंखाच्या पुढच्या कडेलगतचा एक कप्पा (शिरांमधली जागा) कडेपर्यंत उघडा आहे, की शिरा एकत्र येऊन तो आधीच बंद झाला आहे? केवळ या शेवटच्या खुणेवरून जुन्या अभ्यासकांनी मोठमोठे गट पाडले होते. प्रोमॅकस या प्रजातीतल्या (जीनसमधल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या) माश्या तर पंखाच्या कडेच्या जरा आतल्या तीन उपकडा-कप्प्यांवरून पटकन ओळखू येतात, कारण बहुतेक इतरांत ते दोनच असतात. लेप्टोगॅस्टर आणि तिच्या भाऊबंदांचं शरीर काटकुळं असतं आणि पायांच्या नख्यांखालच्या गाद्या नसतात किंवा नावापुरत्या असतात.

एवढं सगळं तपासून तुम्ही पोचता उपकुळापर्यंत आणि मग प्रजातीपर्यंत, म्हणजे जीनसपर्यंत. पुढे खरी अडचण सुरू होते. ओमेशियससारख्या प्रजातीत शेकडो जाती आहेत, आणि बाहेरून पाहिलं तर त्यातल्या कितीतरी एकसारख्या दिसतात.

इथे अंगावरच्या थराची मदत होते. या माश्यांच्या अंगावर राखाडी, सोनेरी किंवा तपकिरी पुटं दिसतात. ती धूळ नव्हे, अतिसूक्ष्म केसांचं आवरण असतं. छातीच्या पाठीवर त्याचे पट्टे आणि डाग कसे पडलेत, कडेच्या कोणत्या पत्र्यावर (कवचाच्या टणक तुकड्यावर) ते आहे आणि कोणता पत्रा उघडा, चकचकीत आहे, हे जातीनुसार बदलतं. गंमत म्हणजे उजेडाचा कोन बदलला की हेच डाग दिसेनासे होतात. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला किंवा त्याच्या अंगातली चरबी बाहेर झिरपली तरीही नक्षी गेलीच म्हणून समजा. म्हणून रॉबर फ्लायवर काम करणारे लोक कोरडा, टाचणीला लावलेला नमुना मागतात. वर्णनात 'मागून तिरकं पाहिल्यास' असले शब्द येतात, ते याचमुळे.

आता टोक. नराच्या पोटाच्या शेवटाला असलेले पत्रे, पकडी आणि शिश्न मिळून जी रचना होते तिला अभ्यासक टर्मिनेलिया म्हणतात. वरचा पत्रा एपँड्रियम, खालचा हायपँड्रियम, बाजूचे गोनोकॉक्साइट, त्यांना जोडलेले हलणारे गोनोस्टायलस आणि मध्ये एडिॲगस, म्हणजे शिश्न. या एडिॲगसला किती फाटे असतात हे गटानुसार बदलतं. लाफ्रियासारख्या काही गटांत ही अख्खी रचना १८० अंशांत फिरलेली असते, म्हणजे खालचं वर आलेलं असतं. हे ठाऊक नसेल तर चित्र पाहून डोकं गरगरतं, कारण हायपँड्रियम नेमका नको त्या बाजूला दिसतो.

हा भाग पाहायचा तर पोटाचं टोक कापावं लागतं. ते साधारण १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात ठेवतात. त्याने स्नायू आणि चरबी विरघळते, कडक पत्रे तेवढे उरतात. मग बाजूने, वरून, खालून आणि मागून चित्रं काढतात. शेवटी तो तुकडा ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून कुपी त्याच टाचणीला लावतात, म्हणजे माशी आणि तिचं टोक एकमेकांपासून हरवत नाहीत. या वर्णनांमागची चिरफाड म्हणतात ती हीच.

फरक इथेच का साठतात? लिओं द्युफूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली: प्रत्येक जातीच्या मादीचं कुलूप वेगळं, म्हणून परक्या नराची किल्ली लागत नाही. आज हे उत्तर सगळीकडे लागू पडतं असं बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. मादी कोणत्या नराचे शुक्राणू वापरते यावरून नरांची जी निवड होत राहते, तिच्यामुळे हे अवयव भराभर बदलत गेले, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. कारण काहीही असो, परिणाम समोर आहे. शिकारीची अवजारं लाखो वर्षं जवळपास तशीच राहतात, पण शेजारच्या दोन जातींच्या एडिॲगसचे आकार स्पष्ट वेगळे निघतात.

म्हणून निव्वळ छायाचित्रांवरून रॉबर फ्लायची नवी जात जाहीर करायला माझा विरोध आहे. याच माश्यांच्या नात्यातल्या बी फ्लायच्या बाबतीत तसं घडलंही: दक्षिण आफ्रिकेतल्या मार्लेइमिया झायलोकोपी या जातीचं वर्णन २०१५ मध्ये नमुना न ठेवता, केवळ छायाचित्रांवरून प्रसिद्ध झालं आणि वर्गीकरणाच्या जगात मोठा वाद झाला. ती माशी दिसायला इतकी वेगळी होती की तिथे कदाचित चालून गेलं. राखाडी, केसाळ ओमेशियसच्या फोटोत पोटाच्या आतलं काय दिसणार?

नियम काय सांगतात हेही पाहा. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९३० नंतर प्रसिद्ध झालेल्या नावासोबत इतर जातींपासून वेगळेपण शब्दांत सांगणारं वर्णन लागतं, किंवा तशा वर्णनाचा संदर्भ तरी लागतो. १९९९ नंतर होलोटाइप कोणता, म्हणजे ते नाव ज्या नमुन्याला कायमचं बांधलं गेलं तो कोणता, हेही स्पष्ट लिहावं लागतं. डीएनएचा तुकडा हल्ली सोबत देतात आणि शंका फेडायला तो चांगला. पण १०० वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या जातीचा जुना नमुना तुलनेला काढला की बऱ्याचदा त्यातून धड डीएनए मिळत नाही. त्याचं टोक मात्र आजही उकळून पाहता येतं.

तुमच्या हातात एखादं वर्णन असेल तर 'डायग्नोसिस' हा छोटा परिच्छेद आधी वाचा. जवळच्या जातीपेक्षा काय वेगळं आहे ते तिथे चार-पाच ओळींत मिळतं. मग थेट टर्मिनेलियाच्या चित्रांकडे जा. मिशी, पाय, पंख हे सगळं नंतर वाचलं तरी चालतं.

'मादी: अज्ञात' असं लिहिलेलं दिसलं तर तो आळस समजू नका. मादीतही खुणा असतात. जमिनीत अंडी घालणाऱ्या कित्येक जातींच्या मादीच्या पोटाच्या टोकाला माती उकरायला काट्यांचं कडं असतं, तर झाडाझुडपांच्या फटीत अंडी घालणाऱ्यांचं टोक पात्यासारखं चपटं असतं. शुक्राणू साठवायच्या पिशव्या सहसा तीन, त्यांचे आकारही पाहतात. पण या खुणा बहुधा प्रजातीपर्यंतच नेतात. एकटी मादी सापडली आणि तिच्याबरोबर समागम करताना पकडलेला नर नसेल, तर ती कोणाची हे सांगणं अवघड. अशा माद्या संग्रहातल्या पेट्यांमध्ये प्रजातीच्या नावापुढे नुसतं 'एसपी.' (स्पिशीज, म्हणजे जात न ठरलेली) लिहून वर्षानुवर्षं पडून असतात.