युरिएजच्या खिशातले दोन निकेल

मागच्या वेळी युरिएजचा, म्हणजे युरिया फोडून अमोनिया करणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा), ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले चार प्रश्न आज घेतो.

प्रश्न : एंडोस्कोपीत माझ्या जठराचा कणभर तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये ठेवला. ते गुलाबी झालं, म्हणून एच. पायलोरी आहे असं डॉक्टर म्हणाले. गुलाबी नेमकं कशानं झालं? (एक वाचक, सांगली)

अमोनियानं. त्या जेलमध्ये युरिया असतो आणि फिनॉल रेड नावाचा रंग असतो. हा रंग आम्लात पिवळा दिसतो आणि माध्यम अल्कधर्मी झालं की गुलाबी होतो. आपल्या पेशींना युरिया फोडता येत नाही. यकृत तो बनवतं, मूत्रपिंडं बाहेर टाकतात, एवढंच. हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजेच एच. पायलोरी, या जिवाणूकडे मात्र युरिएज भरपूर असतं; त्याच्या एकूण प्रथिनांपैकी 10 टक्क्यांपर्यंत हे एकच विकर भरतं. जठरातल्या जहाल आम्लात तगायचं तर दुसरा इलाज नाही. बाहेर आम्ल वाढलं की त्याच्या आतल्या आवरणातली युरियाची वाट उघडते, युरिया आत शिरतो, अमोनिया तयार होतो आणि जिवाणूभोवतालचं आम्ल निवतं. पूर्ण जठराचं नव्हे, फक्त त्याच्यापुरतं.

जठरदाह आणि अल्सर यांच्या मुळाशी हा जिवाणू आहे, हे लोकांना पटेना म्हणून ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतःच पिऊन पाहिला आणि जठरदाह ओढवून घेतला. रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. उपचारानंतर तुमची श्वासाची चाचणी होईल, तीही युरिएजवरच चालते. तिच्याआधी आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गोळ्या साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असावी लागतात. नाहीतर जिवाणू दबून राहतो आणि निकाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना तारीख विचारा.

प्रश्न : मीठ-साखरेचे स्फटिक समजतात. प्रथिनाचा स्फटिक कसा होतो, आणि त्यावरून रचना कशी कळते? (बी.एस्सी. दुसरं वर्ष, अमरावती)

होतो, पण नखरे फार. अतिशय शुद्ध प्रथिनाच्या थेंबातलं पाणी सावकाश कमी होऊ द्यायचं आणि वाट पाहायची. जमलं तर एकसारखे रेणू रांगेत बसतात. असा स्फटिक साधारण निम्मा पाण्याचाच असतो. सुई जरा जोरात लागली तर लोण्यासारखा दबून फुटतो. त्यावर क्ष-किरण टाकले की ठिपक्यांचा नमुना मिळतो. त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत याचा नकाशा गणितानं काढतात आणि त्या नकाशात अणू बसवतात.

विकरांच्या स्फटिकांत युरिएजचा मान पहिला आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स समनर यांनी शिकारीतल्या अपघातात सतराव्या वर्षीच डावा हात गमावला होता. आपल्या अबईच्या कुळातल्या जॅक बीनच्या पिठाशी ते नऊ वर्षं झगडत होते. 1926 मध्ये त्यांनी अॅसिटोन मिसळलेला अर्क गाळून थंडीत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर नेटके अष्टफलक. स्फटिक झालेलं हे पहिलं विकर. विकर हे प्रथिन असतं, ही गोष्ट त्या काळी मोठमोठ्यांना मान्य नव्हती. समनर यांना नोबेल मिळायला 1946 साल उजाडलं. जिवाणूच्या युरिएजची रचना 1995 मध्ये क्लेबसिएलापासून मिळाली. खुद्द जॅक बीनच्या युरिएजची रचना 2010 मध्ये उलगडली, तीही आपल्याकडे, मद्रास विद्यापीठात. मला या गोष्टीचा फार आनंद वाटतो.

प्रश्न : युरिया इतका स्थिर रेणू. निकेल त्याचं काय करतं, आणि ते कोणी पाहिलं आहे का? (रसायनशास्त्राचे शिक्षक, फोंडा)

युरिया नुसत्या पाण्यात ठेवला तर निम्मा फुटायला दशकं लागतात. युरिएज तेच काम सेकंदात हजारो वेळा करतं. विकराच्या खोल खिशात निकेलचे दोन अणू असतात, एकमेकांपासून जेमतेम 3.5 अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). (समनर यांच्या विकरात निकेल आहे, हे 1975 पर्यंत कुणाला ठाऊकच नव्हतं.) कार्बन डायऑक्साइड जोडलेलं लायसिन हे एक अमिनो आम्ल त्या दोघांना बांधून ठेवतं आणि दोघांच्या मध्ये एक हायड्रॉक्साइड असतो. युरियाचा ऑक्सिजन एका निकेलवर टेकतो, एक नायट्रोजन दुसऱ्यावर. मग मधला हायड्रॉक्साइड कार्बनवर चाल करतो. एक अमोनिया सुटतो. उरलेला कार्बामेट आपोआप फुटून दुसरा देतो. खिशावर एक हलणारं झाकण असतं. ते मिटलं की त्यावरचं हिस्टिडिन हे दुसरं अमिनो आम्ल कामाच्या जागी येतं.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला फार आवडला. युरिया आत ठेवायला जावं तर क्षणात फुटतो, मग चित्र घ्यायचं कशाचं? इटलीतल्या बोलोन्याच्या गटानं स्पोरोसार्सिना पाश्चुरी या जिवाणूच्या युरिएजमध्ये त्या हायड्रॉक्साइडच्या जागी फ्लोराइड बसवलं. ते निकेलना धरून बसतं, पण चाल करत नाही. 2019 मध्ये मिटलेल्या झाकणाखाली, दोन्ही निकेलांना टेकलेला अख्खा युरिया दिसला. कित्येक वर्षं कागदावर काढत आलेली आकृती प्रत्यक्षात तशीच निघाली.

प्रश्न : शेतात युरिया फेकला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाकाला झोंबतं. आता तर कडुनिंबाचा लेप असलेला येतो, तरी वास का? (शेतकरी, जि. जळगाव)

दादा, युरियाला वास नसतो. वास अमोनियाचा, म्हणजे तुमच्या नत्राचा. जमिनीतल्या जिवाणूंकडेही हेच विकर, हेच दोन निकेल. निंबाचा लेप प्रामुख्यानं पुढची पायरी लांबवतो, अमोनियमचं नायट्रेट होण्याची. युरिया फुटणं तो फारसं अडवत नाही. 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र असतं. ओल्या रानावर दाणे उघडे पडले, ऊन तापलं आणि जमीन चुनखडीची असली, तर त्यातलं बरंच हवेत जातं. दाणे मातीआड करा किंवा टाकल्याबरोबर पाणी द्या, म्हणजे युरिया खाली उतरतो आणि फुटला तरी अमोनिया मातीत अडकतो.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर बरणीत ओली माती घ्या, चिमूटभर युरिया टाका आणि हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागद मातीला न लागता झाकणाला चिकटवून बरणी बंद करा. दुसऱ्या बरणीत तेच, फक्त युरिया मातीत चार बोटं खोल. दोन-तीन दिवसांनी कोणता कागद आधी लाल होतो, ते मला कळवा.