जरबेरा दुसऱ्याच दिवशी मान टाकतो, पाण्यात कुठली पावडर घालू?

खानापूरजवळ पॉलिहाऊस, माल चोर्ला घाटातून गोव्याला आणि तिथल्या डेकोरेशनवाल्याची रोजची तक्रार, असं तुम्ही लिहिलंय. मीही बेळगावजवळ जरबेराच करतो. पावडरीचं नंतर बघू, आधी तुमची बादली बघा.

रिकाम्या बादलीत आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर दुखणं तिथंच आहे. जरबेराच्या देठावर बारीक लव असते, तिच्यावर जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि देठातल्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवतात. फूल पाण्यात उभं असूनही तहानेनं सुकतं. बादल्या रोज ब्रशनं घासा, ब्लीचनं धुवा. भरायच्या पाण्यातही लिटरला 1 मिलि लिक्विड ब्लीच टाका आणि पाणी चार बोटंच ठेवा. जितका देठ बुडेल तितका लवकर कुजतो. उन्हात ब्लीचचा जोर उतरतो, म्हणून बादल्या सावलीत हव्यात.

दुसरी गोष्ट देठाच्या बुडाची. जरबेरा आपण कापत नाही, देठ बाजूला वाकवून ओढून काढतो, ते बरोबरच आहे. पण त्याबरोबर येणारं टणक बूड पाणी वर चढूच देत नाही. खालचे 2-3 सेंमी धारदार चाकूनं तिरके कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. बोथट कात्रीनं देठ चेपतो. मग तीन-चार तास फुलांना पोटभर पाणी पिऊ द्या, त्यानंतरच बंच बांधा. गाडी रात्रीच सोडा, घाट उतरला की उकाडा सुरू होतो.

तोडणीची घाईही नडते. मधल्या चकतीतल्या बारीक फुलांच्या बाहेरच्या दोन रांगा उमलल्याशिवाय फूल काढू नका. गणपती-दिवाळीला भाव चढला की हात आवरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण अशा घाईनं काढलेल्या फुलाखालचा देठ कोवळा असतो, कुठलंही औषध त्याला उभं धरत नाही.

साखरेचं म्हणाल, तर निशिगंधाच्या वरच्या कळ्या उमलायला ती खरंच कामी येते. जरबेराच्या बादलीत मात्र नुसती साखर टाकू नका, ती जिवाणूच खातात.

डेकोरेशनवाल्यालाही एवढं सांगा: माल उतरला की देठ खालून पुन्हा बोटाच्या पेराएवढे कापून तासभर स्वच्छ पाण्यात ठेवायचे, मगच फोममध्ये (फुलं खोचायच्या स्पंजात) खोचायचे.