मिशनकार्यासाठी नेमकी काय प्रार्थना करावी?

तुम्ही विचारलंय की ‘प्रभू, सगळ्या मिशनऱ्यांना आणि सुवार्तिकांना आशीर्वाद दे’ एवढं म्हटलं की पुढे काही सुचत नाही, मग मागायचं तरी काय? मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही. नगरच्या एका जुन्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, साधा सभासद आहे, पण आठवड्याच्या प्रार्थनासभेला नेमाने बसतो, त्यावरून सांगतो.

आधी बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं काढा. माझ्यासाठी काय मागा, हे तो स्वतःच मंडळ्यांना कळवतो. कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय बघा. माणूस बंधनात आहे, पण तिथे बेड्या तुटाव्यात असं म्हणत नाही. वचनासाठी दार उघडावं, एवढंच मागतो. इफिसकरांना लिहितो की तोंड उघडीन तेव्हा मला शब्द मिळावेत, धैर्य मिळावं. थेस्सलनीकाकरांना म्हणतो, दुर्जनांपासून सुटका व्हावी. आणि रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात तर गंमतच आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी तो मदत घेऊन चाललाय आणि ती तिथल्या विश्वासणाऱ्यांनी गोड मानून घ्यावी म्हणून प्रार्थना करा म्हणतो! म्हणजे आपल्याच लोकांनी नाक मुरडू नये याचीही त्याला काळजी होती. आमच्याकडच्या सुवार्तिकांना हे लगेच पटतं, कारण बाहेरच्यांपेक्षा चर्चच्या कमिटीचाच ताप जास्त. या विनंत्यांत ‘इतके लोक मिळू देत’ असा आकडा कुठेच नाही, हेही बघून ठेवा.

दुसरं, ‘सगळे मिशनरी’ सोडा आणि एक माणूस धरा. तुमच्या मंडळीने पाठवलेला किंवा ओळखीतला कुणी असेल, त्याला सरळ फोन करून विचारा, ‘भाऊ, या आठवड्यात काय मागू?’ आमच्या सभेत विनंत्यांची एक वही असते. तिच्यात ‘आत्म्यांचं तारण’ क्वचित सापडतं. मुलीची दहावी, गाडीचा मागचा टायर, तीन महिन्यांचं थकलेलं मानधन, बायकोचा बीपी, घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितलीय, असंच सगळं असतं. हे किरकोळ समजू नका. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत आला, मराठी नव्या कराराच्या भाषांतरासाठी वर्षानुवर्षं खपला, आणि नवा करार छापून निघाला त्याच १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्याने गेला. सुवार्ता सांगणाऱ्याला शरीर असतं आणि ते आजारी पडतं.

तिसरं, नव्याने विश्वासात आलेल्यांच्या घरासाठी मागा. याचा आपल्याला सपशेल विसर पडतो. बाप्तिस्मा झाला की आपण टाळ्या वाजवून मोकळे, आणि त्याच्या घरात तिकडे चूल पेटत नसते. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात त्या घराची काय ओढाताण झाली ते सगळ्या महाराष्ट्राने ‘स्मृतिचित्रे’त वाचलंय. म्हणून बायको, आई-वडील, भाऊ यांची नावं घेऊन प्रार्थना करा. ते आपल्या बाजूला यावेत म्हणून नव्हे, तर नातं तुटू नये म्हणून. बाकीचं देवावर सोडा. आणि सुवार्तिकासाठी हेही मागा की त्याने कुणाला आमिष दाखवू नये, खोटे रिपोर्ट पाठवू नयेत. हे स्पष्ट बोललेलं काहींना आवडत नाही, पण मला ते सगळ्यात गरजेचं वाटतं.

एकट्याने जमत नसेल तर दोघं-तिघं मिळून बसा. केडगावला पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये रोज प्रार्थनेला कोण बसणार असं विचारलं, तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये रमाबाईंच्या मुक्ती मिशनात जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, त्याच्या आधीचे हे महिने फार कुणी सांगत नाही. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अनेक चर्चमध्ये जो प्रार्थना सप्ताह असतो, त्याची मूळ हाकसुद्धा आपल्याच देशातून गेली. १८५८ साली लुधियानाच्या मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना तसं आवाहन केलं होतं. लंडनहून वगैरे आलेली प्रथा नव्हे ती.

एक सावधगिरी मात्र पाळा. सुवार्तिकाचं नाव, गाव, बाप्तिस्म्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘प्रार्थना करा’ म्हणून टाकू नका. फॉरवर्ड होत होत ते कुठे पोचतील याचा नेम नाही, आणि निस्तरावं लागतं ते त्या गावात राहणाऱ्याला. ‘अमक्या ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी जरा…’ हा प्रकारही तसलाच. ती प्रार्थनेची विनंती नसून चहाडी असते. देवाला पत्ता ठाऊक आहे; ग्रुपवर नुसतं ‘एका कुटुंबासाठी’ लिहिलं तरी चालतं.